‘तू तर घरचाच’ म्हणू नका, पगाराची तारीख सांगा



मागच्या व्हिडिओत मी म्हणालो होतो की दुकानात पहिला माणूस कामाला ठेवणं हे पहिलं कर्ज काढण्याएवढंच मोठं काम आहे. वेळ कमी पडला, विषय तिथेच राहिला. आज इथे सविस्तर लिहितो. सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करतो, कारण ही चूक तुमच्याकडून होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

2019 ची दिवाळी. भाऊबीज झाली, दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं. आमचं हार्डवेअर आणि प्लंबिंग मटेरियलचं दुकान आहे, तालुक्याच्या गावात. तीन वर्षांपासून एक मुलगा माझ्याकडे कामाला होता. नऊ वाजले, साडेनऊ वाजले, तो आला नाही. फोन लावला, बंद. म्हटलं पाहुणे असतील घरी. अकरा वाजता नेहमीचे प्लंबर आले, म्हणाले, “पाऊण-अर्धा रिड्यूसर टी दे सहा.” मी रॅकसमोर उभा राहिलो आणि मला तो टी सापडेना. माझं दुकान, माझा माल, बिलं माझ्या नावावर. पण कुठल्या डब्यात काय आहे हे फक्त त्या मुलाला माहीत होतं. दहा मिनिटं वाट बघून प्लंबर समोरच्या दुकानात गेले.

संध्याकाळी कळलं, तो मुलगाही त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या दुकानात लागला होता. पगार किती जास्त? 500 रुपये.

मी घरी जाऊन भरपूर बोललो. तीन वर्षं घरच्यासारखं ठेवलं, आईच्या ऑपरेशनला पैसे दिले, आणि 500 रुपयांसाठी गेला! माझे वडील ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, “500 साठी गेला नसेल. विचार त्याला.”

मला विचारायला दोन महिने लागले. एकदा एसटी स्टँडवर भेटला, चहा घेतला. तो आधी काही बोलेना. मग म्हणाला, “दादा, तुमच्याकडे पगार कधी होणार ते कळायचं नाही. कधी 5 ला, कधी 12 ला, एकदा 19 ला झाला. माझं खोलीभाडं 5 तारखेला. दर महिन्याला मालकीणबाईंसमोर मान खाली घालून उभा राहायचो. आणि दिवाळीच्या महिन्यात तुम्ही सगळी उचल एकदम कापली.”

ते खरं होतं. त्याचा पगार 11,000 होता. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्याने 7,000 उचल घेतली होती. दिवाळीला माल भरायचा होता, माझा हात आखडला होता, म्हणून मी पूर्ण 7,000 कापून 4,000 त्याच्या हातात ठेवले. वर म्हणालो, “तू तर घरचाच आहेस, समजून घे.” त्या दिवाळीत त्याने बहिणीला ओवाळणी काय घातली असेल, हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता.

मित्रांनो, या ‘घरचाच माणूस’ शब्दाबद्दल मला आज बोलायचं आहे.

घरचा माणूस म्हणजे नक्की कोण?

आपल्याकडे दुकानदार हे वाक्य चांगल्या भावनेने बोलतात. मीही तसंच बोलायचो. पण ते कधी बोलतो ते बघा. पगार उशिरा द्यायचा असेल तेव्हा. रविवारी बोलवायचं असेल तेव्हा. रात्री नऊनंतर गाडी खाली करून घ्यायची असेल तेव्हा. नफ्याचा हिशोब करताना तो घरचा नसतो, अडचण सोसायची वेळ आली की घरचा होतो. समोरच्या माणसाला हे पहिल्या सहा महिन्यांत कळतं. तो बोलत नाही, कारण त्याला नोकरी पाहिजे असते.

बीबीएला आम्हाला फ्रेडरिक हर्झबर्ग नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. 1959 साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात एक साधी गोष्ट आहे. पगार, कामाच्या अटी, वरिष्ठांची वागणूक या गोष्टी बिघडल्या की माणूस नाराज होतो, पण त्या नीट असल्या म्हणून तो लगेच जीव ओतून काम करेल असं नाही. जीव ओतायला वेगळ्या गोष्टी लागतात: केलेल्या कामाची दखल, जबाबदारी, पुढे जायला वाट. मी हे परीक्षेत व्यवस्थित लिहिलं आणि दुकानात बसल्यावर विसरलो. दोन्ही बाजू बघायला पाहिजेत. आधी नाराजी थांबवा, मग उत्साहाचं बघा. पाया कच्चा ठेवून ‘टीम स्पिरिट’च्या गप्पा मारल्या तर माणूस मनातल्या मनात हसतो.

1. आधी बघा, माणूस परवडतो का

नवीन उद्योजक इथेच घाई करतात. दोन दिवस गर्दी झाली की माणूस शोधायला लागतात. तसं करू नका. एक साधी वही घ्या आणि आठवडाभर लिहा: कोणत्या वेळेला मी कमी पडलो, कोणतं गिऱ्हाईक परत गेलं, कोणतं काम दुसरा करू शकला असता.

मग हिशोब. समजा पगार 14,000 द्यायचा आहे आणि तुमच्या मालावर सरासरी 15 टक्के सुटतात. 14,000 भागिले 0.15, म्हणजे सुमारे 93,000 रुपयांची जादा विक्री दर महिन्याला झाली तरच त्या माणसाचा पगार त्याच्यामुळे निघतो. एवढी विक्री वाढणार नसेल, तर निदान तुमचा मोकळा झालेला वेळ कुठे लावणार हे ठरलेलं पाहिजे. वसुलीला जाणार, नवीन ठेकेदार जोडणार, की मोबाइल बघत बसणार?

हे न करता माणूस ठेवला की तिसऱ्या महिन्यात पगार जड होतो. मग तारीख पुढे ढकलली जाते. माझ्याकडे तेच झालं होतं.

पगाराचा आकडा मनाने ठरवू नका. किमान वेतन दुकानांनाही लागू आहे, माणूस एकच असला तरी. महाराष्ट्रात परिमंडळानुसार आणि कामाच्या कौशल्यानुसार दर वेगळे असतात, आणि त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. आपल्या गावाचा आजचा दर कामगार विभागाच्या वेबसाइटवर बघा किंवा तुमच्या सीएंना विचारा.

2. पहिल्या दिवशी एक कागद

करार वगैरे मोठा शब्द नको. एक पान, मराठीत, दोघांच्या सहीचं. माझ्या कागदावर सात गोष्टी असतात:

पगार किती आणि कोणत्या तारखेला.
दुकानाची वेळ, जेवणाची सुट्टी किती वेळ.
आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी.
वर्षाच्या पगारी रजा किती, आणि आजारी पडल्यास कोणाला कळवायचं.
जादा वेळ थांबावं लागलं तर तासाला किती.
उचल किती मिळेल आणि कशी फिटेल.
काम सोडायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं. हे दोघांनाही लागू.

2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात कामाचे तास, आठवड्याची सुट्टी, जादा तासाला दुप्पट दर अशा गोष्टी आहेत. त्यातलं काय सक्तीचं ते माणसांच्या संख्येवर ठरतं, आणि छोट्या दुकानालाही सुरू करताना ऑनलाइन सूचना द्यावी लागते. आकड्यांमध्ये सरकार बदल करत असतं, म्हणून तुमच्यापुरती आजची स्थिती एकदा तपासून घ्या. पण मी तुम्हाला कायद्याच्या भीतीने कागद करायला सांगत नाही. दोन माणसांचं दुकान असलं तरी मी हे पाळतो, कारण कागद नसला की प्रत्येक वेळी घासाघीस होते. घासाघिशीत मालक जिंकतो आणि माणूस मनातून उठतो.

जादा वेळेचा हिशोब असा. 14,000 भागिले 26 दिवस, म्हणजे दिवसाला सुमारे 538. आठ तासांनी भागा, तासाला 67 च्या आसपास. दुप्पट म्हणजे 135. गाडी रात्री आली, दोन तास थांबला, 270 रुपये. त्याच आठवड्यात द्या. माझा अनुभव सांगतो, हे सुरू केल्यापासून गाड्या दिवसा यायला लागल्या! कारण आता ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करून वेळ ठरवायला मला स्वतःला कारण मिळालं.

दुकानात ताई कामाला असतील तर आणखी दोन गोष्टी आधीच ठरवा. शौचालयाची सोय कुठे आहे, आणि संध्याकाळी किती वाजता निघायचं. ‘बघू’ म्हणू नका.

3. पगाराची तारीख मोडायची नाही

केंद्राच्या 2019 च्या वेतन संहितेत महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत द्यायचा, असं आहे. मी 5 तारीख ठेवली आहे. दर महिन्याच्या 20 तारखेपासून रोज गल्ल्यातून थोडी रक्कम पगाराच्या वेगळ्या खात्यात टाकतो. समजा दोन माणसांचे 28,000 आहेत, तर पुढच्या महिन्याच्या 4 तारखेपर्यंत साधारण 14 दिवस, रोज 2,000. एकदम 28,000 काढताना पोटात गोळा येतो, 2,000 काढताना येत नाही.

पगार बँकेत द्या. माणसाचं स्टेटमेंट तयार होतं, उद्या त्याला गाडीसाठी कर्ज काढायचं असेल तर ते उपयोगी पडतं. तुमचाही फायदा आहे. हिशोबाची पुस्तकं ठेवत असाल तर एका दिवसात एका माणसाला 10,000 पेक्षा जास्त रोख दिलेला खर्च आयकरात मान्य होत नाही.

आता तुम्ही म्हणाल, दादा, पैसे खरंच नसले तर? तर आधी सांगा. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा माझ्याकडे नवीन मुलगा होता, लागून चारच महिने झालेले. दुकान बंद, वसुली बंद. एप्रिलच्या 3 तारखेला मी त्याला फोन केला आणि खरं ते सांगितलं: या महिन्यात मी निम्माच पगार देऊ शकतो, 5 तारखेला जमा होईल, उरलेला दुकान सुरू झाल्यावर दोन हप्त्यांत देईन. 5 तारखेला निम्मे टाकले. पुढे दोन हप्त्यांत बाकी दिली. तो मुलगा आजही माझ्याकडे आहे. आधीच्याला मी पूर्ण पगार देत होतो आणि तो गेला. याला निम्मा दिला आणि तो राहिला. फरक एवढाच की याला काय येणार आणि कधी येणार ते माहीत होतं.

4. उचलीची वही

उचल बंद करू नका. आपल्याकडे कामगाराला बँक लगेच दारात उभं करत नाही, आजारपण तारीख विचारून येत नाही. उचल नाकारली तर तो सावकाराकडे जातो, आणि मग त्याचं लक्ष कामात राहत नाही. पण नियम ठेवा. माझे नियम: एका वेळी निम्म्या पगारापर्यंत. महिन्याला जास्तीत जास्त 2,000 कापायचे. गणपती आणि दिवाळीच्या महिन्यात कपात नाही. प्रत्येक नोंदीवर दोघांची सही. वेतन संहितेतही एका महिन्यातली सगळी कपात मिळून पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त नको, अशी मर्यादा आहे. मी त्या दिवाळीला निम्म्यापेक्षा जास्त कापलं होतं.

5. गिऱ्हाइकासमोर रागावू नका

ही माझी दुसरी चूक, आणि ती सांगायला मला जास्त जड जातं. त्याच मुलाच्या वेळेला एकदा गल्ल्यात 500 रुपये कमी भरले. बाजारचा दिवस होता, चार गिऱ्हाइकं उभी. मी सगळ्यांसमोर विचारलं, “500 कुठे गेले?” त्याचा चेहरा पडला. रात्री हिशोब करताना मलाच आठवलं, दुपारी टेम्पोवाल्याला मी स्वतः 500 दिले होते आणि लिहिलं नव्हतं. सकाळी मी त्याला “सापडले रे” एवढंच म्हणालो. आरोप चारचौघांत केला होता, माफी मात्र मागितली नाही.

आता नियम असा: पैशाचा प्रश्न शटर खाली झाल्यावर, दोघांनी मिळून मोजून. माझ्या हातून गेलेला पैसाही वहीत त्याच क्षणी लिहायचा. कामातली चूक दाखवायची तर सकाळी दुकान उघडल्यावर पहिल्या दहा मिनिटांत, एकट्याला, आणि ‘तू असाच आहेस’ न म्हणता ‘हे असं करायचं’ म्हणून. कौतुक मात्र गिऱ्हाइकासमोर करा. “हा सांगेल तुम्हाला, याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे,” असं एकदा म्हणून बघा.

6. दुकान एकाच्या डोक्यात ठेवू नका

रिड्यूसर टी सापडला नाही, तो दोष त्या मुलाचा नव्हता. त्यानंतर आम्ही चार रविवार बसून प्रत्येक रॅकला नंबर, प्रत्येक डब्यावर नाव आणि साइज लिहिली. भिंतीवर यादी लावली. कोणता माल किती शिल्लक राहिला की मागवायचा, तेही लिहिलं. कोणत्या प्लंबरची किती उधारी आहे ते मोबाइलमधल्या ॲपवर टाकलं. आता कोणी दोन दिवस रजेवर गेलं तरी दुकान अडत नाही. आणि माणसाला रजा मागताना अपराधी वाटत नाही, हा त्यातला मोठा फायदा.

7. त्याची पुढची पायरी कोणती?

तुम्ही स्वतः करिअरचा विचार करताय म्हणून हे वाचताय. तुमच्याकडचा मुलगाही तोच विचार करतो. ‘तीन वर्षांनी मी इथे काय असेन?’ याचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर तो दुसरीकडे शोधणार.

छोट्या दुकानात पदं नसतात, पण पायऱ्या करता येतात. माझ्याकडे अशा आहेत. पहिले तीन महिने माल ओळखणे आणि रॅक लावणे. सहा महिन्यांपर्यंत बिलिंग. वर्षभरात गिऱ्हाइकाला बाथरूमच्या फिटिंगची पूर्ण यादी स्वतः काढून देणे. दुसऱ्या वर्षी डीलरला ऑर्डर देणे आणि प्लंबर-ठेकेदारांची उधारी सांभाळणे. प्रत्येक पायरीला पगार वाढतो, किती वाढतो ते आधीच सांगितलेलं असतं. वाढ ‘वर्ष झालं म्हणून’ मिळत नाही, शिकलं म्हणून मिळते.

सोबत एक छोटी गोष्ट. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला 20 रुपये आणि प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचा 436 रुपये. दोन्हीत 2 लाखांचं संरक्षण आहे, पहिल्यात अपघाती मृत्यूला, दुसऱ्यात कोणत्याही कारणाने झालेल्या मृत्यूला. पहिलीसाठी वय 18 ते 70, दुसरीत सामील होण्यासाठी 18 ते 50. हप्ता त्याच्याच बँक खात्यातून कापला जातो, मी मे महिन्यात 456 रुपये त्याला वेगळे देतो. वर्षाला 456 रुपये. आपण एका डीलरच्या चहापाण्यावर याहून जास्त घालवतो. शिडीवर चढून पाइप काढणाऱ्या मुलाच्या घरच्यांना याची किंमत कळते.

आणि तरीही तो गेला तर?

जाईल. चांगला माणूस कधीतरी जाणारच, कदाचित स्वतःचं दुकान टाकायला. तुम्ही नाही का नोकरी सोडून धंद्यात येताय? त्याचा हिशोब लगेच पूर्ण करा. वेतन संहितेत काम सोडल्यावर दोन कामाच्या दिवसांत पैसे द्यायचे आहेत. शेवटच्या दिवशी चहा पाजा. तो उद्या गावात तुमच्याबद्दल काय बोलतो, त्यावर तुमच्याकडे पुढचा माणूस कोण येणार ते ठरतं. तालुक्याच्या गावात जाहिरातीपेक्षा ही बातमी आधी पोहोचते.

माझा तो पहिला मुलगा परत आला नाही. मी विचारलं होतं, पगारही जास्त देतो म्हणालो. तो म्हणाला, “नको दादा, तिकडे बरं चाललंय.” मला वाईट वाटलं, पण त्याचं बरोबर होतं. रस्त्यात भेटला की हात करतो. मागच्या वर्षी मी त्याची माफी मागितली, त्या 500 रुपयांसाठीही. तो हसला आणि म्हणाला, “ते तुम्हाला अजून आठवतंय?” म्हणजे त्यालाही आठवत होतं.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्याकडे माणूस असेल तर आज रात्री शटर खाली केल्यावर तीन गोष्टी लिहा: गेल्या सहा महिन्यांत पगार कोणकोणत्या तारखांना दिला, उचल किती बाकी आहे, आणि त्याला गेल्या वर्षी नवीन काय शिकवलं. तारखा आठवत नसतील तर त्याला विचारा, त्याला आठवतील.

माणूस अजून ठेवायचा असेल तर वरचा सात ओळींचा कागद आधी तयार करा, मग माणूस शोधा. पगाराची तारीख लिहिताना अशीच लिहा, जी तुम्ही मंदीतही पाळू शकाल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा नीट करा, आणि धंद्यातल्या माणसांशी नीट वागा.